लाल रंग किती लाल?

लाल रंग नक्की किती लाल असतो, हे तुम्ही कधी तपासून बघितलंय? आधी एक डोळा झाकून आणि मग दुसरा झाकून? नसेलच बघितलं. कोण बघतं? सकाळी ट्रॅफिक, दिवसभर मीटिंगा, रात्री घरी आल्यावर पुन्हा लॅपटॉप. दोन डोळे चालू आहेत ना, मग झालं!

मी मात्र बघते. रोज. दात घासताना आरशासमोर, लाल टूथब्रश हातात धरून. पाच सेकंदांचं काम. नवरा म्हणतो, तुझी ही सूर्यनमस्कारांची शॉर्टकट आवृत्ती आहे.

मी व्हिज्युअल डिझायनर आहे, म्हणजे माझं पोट रंगांवरच चालतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये गणपतीच्या सेलच्या एका कॅम्पेनवर काम करत होते. क्लायंटला लाल रंग 'अजून जरा फेस्टिव्ह' हवा होता. (क्लायंटला नेहमीच अजून जरा काहीतरी हवं असतं!) त्याच आठवड्यात डावा डोळा हलवला की आतून दुखायला लागलं. दोन दिवसांनी लक्षात आलं, की उजव्या डोळ्याला जो लाल जास्वंदीसारखा दिसतोय, तोच डाव्या डोळ्याला बर्फाच्या गोळ्यातलं सरबत चोखून झाल्यावर उरतो तसा दिसतोय. फिका आणि धुऊन काढल्यासारखा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "डोळा उत्तम आहे. डोळ्यामागची वायर बिघडलीय." त्याचं नाव ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या नसेला आलेली सूज. त्यांनी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं आणि न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला.

एक गोष्ट सांगायची राहिली. चार महिन्यांनी माझं लग्न होतं. कार्यालय बुक झालं होतं आणि पत्रिकेचं डिझाइन मीच करत होते. अर्थातच लाल रंगात.

एफएमच्या जरा पुढचं स्टेशन

एमआरआयबद्दल आपल्याला साधारण एवढंच माहीत असतं, की बोगद्यात घालतात आणि खूप आवाज येतो. दोन्ही खरं आहे. साखरपुड्याची अंगठी काढून ठेवायला लावतात, कानात बोळे घालतात आणि मग मिक्सर, ड्रिल मशीन आणि ढोलपथकाची तालीम असं सगळं एकदम सुरू होतं. पण आत नेमकं काय चालतं, हे मी नंतर वाचलं आणि चाटच पडले.

आपल्या शरीरात पाणीच पाणी. पाण्यात हायड्रोजन. त्याच्या अणूचं केंद्रक म्हणजे एक इवलासा लोहचुंबकच. मोठ्या चुंबकात ठेवलं, की हे इवले चुंबक काही प्रमाणात एका दिशेने वळतात. मग रेडिओ लहरींचा एक धक्का द्यायचा. ते डळमळतात, पुन्हा जागेवर येतात आणि येता येता स्वतःच बारीकसा रेडिओ सिग्नल सोडतात. चरबीतले वेगळ्या वेगाने सावरतात, पाण्यातले वेगळ्या, सुजलेल्या पेशीजालातले आणखी वेगळ्या. या फरकातून चित्र तयार होतं. क्ष-किरण नाहीत, काही नाही. तीन टेस्लाच्या मशीनचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठेक हजार पट असतं आणि त्यात हायड्रोजन ज्या फ्रिक्वेन्सीवर 'बोलतो', ती १२८ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे आपल्या एफएमच्या पट्ट्याच्या जरा पुढचं स्टेशन!

सिग्नल नेमका कुठून आला, हे कळण्यासाठी चुंबकत्व जागोजागी थोडं कमी-जास्त करायचं, ही युक्ती पॉल लॉटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९७१ साली सुचली. बर्गर खाताखाता. ही कमी-जास्त करणारी वेटोळी थरथरतात, म्हणून तर तो आवाज. लॉटरबर यांचा निबंध 'नेचर'ने आधी परत पाठवला होता आणि मग १९७३ मध्ये छापला. २००३ साली त्यांना आणि इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळालं. त्यामुळे एखादं प्रेझेंटेशन रिजेक्ट झालं म्हणून फार मनाला लावून घेऊ नका.

तीन ठिपके

रिपोर्ट घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी फिल्म उजेडावर लावली. काळ्या-करड्या मेंदूत, मधल्या पोकळ्यांच्या कडेला तीन पांढरे ठिपके. तांदळाच्या दाण्याएवढे.

"हे काय आहे?"

"हे डाग आहेत. तिथलं वायरचं कव्हर गेलंय," मॅडम म्हणाल्या.

आपल्या नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं, वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं. मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजेच एमएस या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणाच या आवरणावर हल्ला करते. मग कुणाला धूसर दिसतं, कुणाचे पाय बधिर होतात, कुणाचा तोल जातो. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात हा आजार कमी, पण गाठतो तो ऐन उमेदीत. बहुधा २० ते ४० या वयात आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. म्हणजे बरोब्बर या अंकाच्या वाचकांना!

"मग मला एमएस आहे?"

"आज तसं नाव देता येत नाही."

कारण नियम असा, की आजार जागेत पसरलेला दिसला पाहिजे आणि काळातही. म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या वेगवेगळ्या भागांत डाग हवेत आणि ते वेगवेगळ्या वेळी आलेले हवेत. पूर्वी त्यासाठी दुसऱ्या झटक्याची वाट बघावी लागायची. २००१ साली इयान मॅकडोनाल्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ठरवलं, की दुसऱ्या झटक्याऐवजी स्कॅनवरचा नवा डागही पुरावा म्हणून चालेल. माझे तिन्ही डाग मेंदूच्या एकाच भागात होते. पाठीतलं पाणी काढून तपासलं, ते स्वच्छ निघालं. तेव्हाच्या नियमांत डोळ्याच्या नसेला वेगळी 'जागा' म्हणून मान्यता नव्हती. म्हणजे जागा अर्धी आणि काळ शून्य. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचं ठरलं.

"पण अंदाजे किती शक्यता?" मी विचारलं. आपल्याला सगळ्याचं पर्सेंटेज लागतं ना!

मॅडमनी सरळ सांगितलं. "पहिल्यांदा असा डोळा गेलेल्या आणि मेंदूत निदान एक तरी डाग असलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांना पंधरा वर्षांत एमएस झाला. डाग नसलेल्यांपैकी २५ टक्के."

दहावीला मला भूमितीत ७२ मार्क होते. तेव्हाही मी रडले होते.

"हे ७२ मोजले कुणी?"

घरी कॉन्फरन्स भरली. आई म्हणाली, "आत्ता कुणाला काही बोलू नकोस. नक्की काहीच नाहीये ना?" आत्याने दृष्ट काढली. बाबा नुसतेच पेपर वाचत बसले. तोच पेपर, दोनदा. आईचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. मुलीचं लग्न मोडलं की काय होतं, हे तिने आजूबाजूला बघितलं होतं.

पण मला ते जमेना. सलाईनमधून तीन दिवस स्टेरॉइड घेऊन झाले, दोन-तीन आठवड्यांत डोळा बराच सुधारला आणि एका रविवारी मी फिल्मचं ते मोठं पाकीट घेऊन त्याच्या घरी गेले. त्याला आधी फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "माझ्यासमोर बोल, आईसमोर बोल, हवं तर चौकात उभं राहून बोल. लपवायचं कशाला?"

काकू (म्हणजे आताच्या सासूबाई) शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "हे ७२ मोजले कुणी? आणि किती जणांत?"

रडणं, धीर देणं, 'देव आहे' वगैरे सगळ्याची मी तयारी करून गेले होते. या प्रश्नाची नव्हती. मग आम्ही तिघांनी बसून शोधून काढलं.

अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात १५ केंद्रांवर ४५७ जण एका चाचणीत दाखल झाले होते. वय १८ ते ४६. सगळ्यांना तेच, जे मला झालं होतं. मूळ प्रश्न होता, स्टेरॉइडने फायदा होतो का? उत्तर मिळालं, की सलाईनमधून दिल्यास नजर लवकर परत येते आणि नुसत्या गोळ्या दिल्या तर आजार उलटण्याचं प्रमाण उलट वाढतं. म्हणजे मला तीन दिवस सलाईन का लावलं, याचं कारणसुद्धा हेच ४५७ लोक! त्यातल्या बहुतेकांची नजर चांगली परत आली. पण संशोधकांनी त्यांना सोडलं नाही. सुरुवातीला एमआरआय काढून ठेवले होते आणि मग पंधरा वर्षं कुणाला काय होतं ते बघत राहिले. शेवटचे आकडे २००८ साली छापून आले.

"पंधरा वर्षं माणसं परत परत आली," काकू म्हणाल्या. "आमच्या शाळेत पालक वर्षातून एकदा मीटिंगला येत नाहीत."

मग त्यांनी मला जे समजावलं, ते मी आजतागायत विसरले नाही. "हे बघ, ७२ हा शंभर माणसांबद्दलचा आकडा आहे. तो तुझा आकडा नाही. तुझा आकडा शून्य तरी असेल नाहीतर शंभर. पण तयारी कशाची ठेवायची, हे ७२वरून कळतं. भीती किती बाळगायची, ते त्यावरून ठरवू नकोस."

मुलांचाही विषय निघाला. काकूंनी नाही, मीच काढला. पुढच्या वेळी आम्ही तो मॅडमना विचारला. त्यांनी १९९८ सालच्या युरोपातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. एमएस असलेल्या २५४ बायकांच्या गर्भारपणाची त्यात नोंद होती. शेवटच्या तिमाहीत झटके कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात आणि मग पूर्ववत होतात. म्हणजे मूल होऊ देणं बंद नाही, फक्त प्लॅनिंग हवं.

लग्न ठरल्या तारखेलाच झालं.

काही झालं नाही, तरी झालं

फेब्रुवारी २०१९. दुसरा स्कॅन. मधल्या सहा महिन्यांत मला काहीही झालं नव्हतं. लग्नात नाचले, केरळला फिरून आले, नवीन प्रोजेक्ट घेतलं. चौथा ठिपका मात्र आला होता. या वेळी मेंदूच्या वरच्या थराला लागून. जागा पूर्ण, काळ पूर्ण. त्या दिवशी आजाराला नाव मिळालं.

खरं सांगू? थोडं हलकं वाटलं. औषध सुरू करता आलं. आठवड्यातून तीन इंजेक्शनं, स्वतःच टोचायची. सुरुवातीला नवरा माझ्यापेक्षा जास्त किंचाळायचा.

न जाणवता आलेला तो चौथा ठिपका मला बरेच दिवस छळत होता. आपण हसतोय, खरेदी करतोय आणि आत कव्हर सोललं जातंय? पण डॉक्टरांनाही या गोष्टीने असंच छळलंय. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये एमएसच्या दहा रुग्णांचे स्कॅन काढले. सीटी स्कॅनमध्ये १९ डाग दिसले. या नव्या चुंबकी यंत्राने तेच १९ आणि वर आणखी ११२ दाखवले! आजार बाहेरून दिसतो त्याहून आत बराच जास्त असतो, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मग औषधं तपासताना 'झटके किती आले' याच्या जोडीला 'नवे डाग किती आले' हेही मोजायला लागले. १९९३ साली अमेरिकेत एमएसचा वेग कमी करणारं पहिलं औषध मंजूर झालं, तेव्हा स्कॅनचा पुरावा हाताशी होता.

पण याची दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त आवडते. भरपूर डाग असलेला माणूस ट्रेकला जातो आणि मोजके डाग असलेल्याला जिना चढवत नाही, असंही होतं. न्यूरोलॉजीत या कोड्यावर निबंधच्या निबंध आहेत. डाग कुठे पडला, किती खोल आहे, मज्जारज्जूत आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. शिवाय मेंदू गप्प बसत नाही. काम करताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो, हे दाखवणारा फंक्शनल एमआरआय १९९०च्या दशकात आला. त्यात दिसलं, की नुसती बोटं हलवायलासुद्धा एमएस झालेल्यांचा मेंदू अनेकदा जास्त भाग कामाला लावतो. रस्ता खोदलेला असला, की आपण कसं गल्लीबोळातून गाडी काढतो, तसंच.

अर्थात, रंगीत चित्र दिसलं की लगेच भुलायचं नाही. २००९ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल ते 'विचारलं'. आकडेमोडीत योग्य ती काटछाट केली नाही, तर माशाच्या मेंदूतही ठिपका उजळतो, हे त्यांना दाखवायचं होतं. उजळला! २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. आमच्या घरी बांगडा आला, की हा विनोद अजून होतो.

ताई, तुम्हाला फायदा नाही

दोन वर्षांपूर्वी मॅडमनी विचारलं, एका संशोधनात भाग घेशील का? दर वर्षी एक जादा स्कॅन, तासाभराचा. बोटं टेकवायची, ठिपके बघायचे, थोड्या स्मरणशक्तीच्या चाचण्या. संमतिपत्र समजावून सांगायला एक तरुण मुलगा होता, जेमतेम पंचविशीचा. पहिलंच वाक्य बोलला, "ताई, यातून तुम्हाला थेट काही फायदा नाही, हे आधी सांगतो."

घरी आई म्हणाली, "मग कशाला? आधीच कमी का तपासण्या आहेत?" तिचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. माझी धास्ती वेगळीच होती. जितक्या वेळा आत डोकावणार, तितक्या वेळा काहीतरी दिसण्याची शक्यता. आपण बरे असताना मुद्दाम बघायचं कशाला? एखादा नवा ठिपका दिसला तर आनंदात असलेल्या घरात तो घेऊन यायचा? आणि आता घरात आमची लेकही आहे.

आठवडाभर विचार केला. मग संमतिपत्रावर सही केली आणि त्यामागचं गणित काकूंच्याच पद्धतीचं होतं.

मला मिळालेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी असंच आत पडून राहिल्यामुळे मिळालीय. ७२चा आकडा त्या ४५७ जणांचा. बाळंतपणाचा धीर २५४ बायकांचा. स्कॅनआधी टोचतात त्या गॅडोलिनियमचा अंश मेंदूत साचू शकतो, हे २०१४ साली जपानी डॉक्टरांनी जुने स्कॅन पुन्हा तपासून दाखवलं. त्यानंतर २०१७ मध्ये युरोपात त्यातल्या काही प्रकारांवर बंधनं आली आणि आता मला दर वेळी ते टोचत नाहीत. आणि २०२४ साली निदानाचे नियम पुन्हा बदलले, तेव्हा डोळ्याच्या नसेला अखेर स्वतंत्र 'जागा' म्हणून मान्यता मिळाली. सोबत डागाच्या मधोमध दिसणारी बारीक शीरही पुराव्यात धरली जाऊ लागली. म्हणजे माझ्यासारख्या एखादीला आज कदाचित सहा महिने अधांतरी काढावे लागणार नाहीत. ती शीर स्पष्ट दिसावी म्हणून कित्येक अनोळखी लोक तासन् तास न हलता पडून राहिले असतील. त्यांना त्याच दिवशी काय मिळालं? फार तर चहा-बिस्किट.

तर मैत्रिणींनो (आणि मित्रांनो), डोळा हलवताना दुखला आणि रंग फिके दिसायला लागले, तर 'स्क्रीनमुळे असेल' म्हणून ड्रॉप्स घालत बसू नका, डॉक्टरांकडे जा. एमएस निघालाच तर १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, तिथे आपल्यासारखी माणसं भेटतात. २०१६च्या दिव्यांग कायद्यातही या आजाराचं नाव आहे, हे एचआरशी बोलताना माहीत असलेलं बरं. आणि लग्न ठरत असेल तर? सल्ला देणारी मी कोण! मला समोरच्या घरात गणिताच्या बाई भेटल्या, हे माझं नशीब. पण त्या भेटल्या, कारण मी फिल्म घेऊन गेले.

पुढचा रिसर्च स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. मॅनेजरने विचारलं, "एनीथिंग सीरियस?"

"नाही," मी म्हटलं. "एका मोजणीत माझं नाव आहे. हजेरी लावून येते."